नवे वेबपान ‘सर्च’मध्ये का दिसत नाही? पैसे मोजण्यापूर्वी हे जाणून घ्या

भिलाई (छत्तीसगड) : संकेतस्थळावर नवे पान प्रसिद्ध होणे आणि ते गूगल वा बिंगसारख्या शोधयंत्रात सापडणे, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्यांच्या दरम्यान काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंतचा काळ जाऊ शकतो. सणासुदीच्या मागणीवर अवलंबून असलेल्या लहान व्यावसायिकांचा अख्खा हंगाम या विलंबामुळे हातचा जाऊ शकतो.

सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद प्रकल्पात १९५९ मध्ये उत्पादन सुरू झाले. रोजगारासाठी देशभरातून येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांमध्ये मराठी भाषकही आहेत. अशाच एखाद्या कुटुंबातील गृहिणीने सुपेला भागातून दिवाळी फराळ विकण्यासाठी संकेतस्थळ सुरू केले, असे समजू. पदार्थ, दर, दूरध्वनी क्रमांक सारे काही त्यावर आहे. मात्र ‘भिलाई चकली’ असा शोध घेतल्यास ते दिसत नाही. असे का घडते?

तीन टप्प्यांचा प्रवास

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात त्याची संगणकीय प्रणाली एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात नवी पाने शोधते. दुसऱ्या टप्प्यात पानावरील मजकूर वाचून त्याची नोंद सूचीत केली जाते. तिसऱ्या टप्प्यात, कोणी शोध घेतल्यावर या सूचीतून योग्य पाने निवडून त्यांचा क्रम लावला जातो. सूचीत नोंदच नसेल, तर क्रमांकाचा प्रश्नच उद्भवत नाही.

ज्या पानाकडे कोठूनही दुवा जात नाही, ते शोधयंत्राला सहसा आढळत नाही. त्यामुळे नव्या पानाचा दुवा संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर देणे ही पहिली पायरी ठरते. सर्व पानांचे पत्ते नोंदवलेली ‘साइटमॅप’ ही फाइलही सादर करता येते. गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या मोफत सुविधेत पानाची नोंद झाली आहे की नाही हे तपासता येते आणि नोंदीची विनंतीही करता येते. संकेतस्थळाची बांधणी सुरू असताना शोधयंत्रांना मज्जाव करणारा पर्याय निवडलेला असतो आणि नंतर तो काढायचे राहून जाते, हेही एक नेहमीचे कारण आहे.

मजकूर वाचता येईल असा हवा

फराळाचे दरपत्रक केवळ छायाचित्राच्या रूपात टाकल्यास ग्राहकाला ते वाचता येते. परंतु शोधयंत्राने त्यातील प्रत्येक शब्द टिपावा, अशी खात्री देता येत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमधील मजकुराची अडचण याहून मोठी आहे. पडद्यावर ‘चकली’ दिसत असले, तरी संगणकात प्रत्यक्षात रोमन अक्षरे व चिन्हे साठवलेली असतात. म्हणून पदार्थांची नावे आणि दर युनिकोड मराठीत टंकलेले असावेत.

शब्द ग्राहकाचे असावेत

बहुभाषक शहरात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. मराठी ग्राहक ‘करंजी’ शोधतो, तर हिंदी भाषक शेजारी ‘गुजिया’. मराठीतील ‘लाडू’ हिंदीत ‘लड्डू’ होतो. अनेक जण हेच शब्द रोमन लिपीत टंकतात. पानाच्या शीर्षकात पदार्थ व गावाचे नाव असावे आणि मजकुरात हे पर्यायी शब्द ओघाने यावेत. ‘भिलाईतील’ यासारख्या प्रत्यय लागलेल्या रूपाबरोबरच ‘भिलाई’ हे मूळ रूपही एकदा तरी लिहिणे हिताचे. मात्र तेच शब्द पुन्हा पुन्हा भरल्यास लाभाऐवजी हानी होते. पानाच्या अंतर्भागात दडवलेल्या ‘कीवर्ड’ यादीचा क्रमवारीसाठी उपयोग केला जात नसल्याचे गूगलने २००९ मध्येच स्पष्ट केले आहे.

‘पहिल्या क्रमांका’ची हमी फसवी

शुल्क घेऊन पहिला क्रमांक मिळवून देण्याच्या जाहिराती सर्रास दिसतात. प्रत्यक्षात पैसे घेऊन क्रमवारीत वरचे स्थान दिले जात नाही, अशी गूगलची जाहीर भूमिका आहे. पैसे भरून मिळते ती जाहिरातीची जागा, आणि ती तशी स्वतंत्रपणे दर्शवली जाते. स्थानिक व्यावसायिकांना नकाशावर आपली नोंद विनामूल्य करता येते. ‘जवळपास फराळ कोठे मिळेल’ अशा शोधात ही नोंद विशेष उपयुक्त ठरते.

दिवाळीचे पान किमान महिना-दीड महिना आधी प्रसिद्ध करणे श्रेयस्कर. सण संपल्यावर ते काढून टाकू नये. पुढील वर्षी त्याच पत्त्यावर नवे दर टाकल्यास आधीची नोंद आणि तोवर मिळालेले दुवे कामी येतात. दरवर्षी नवे पान तयार केल्यास मात्र हा सारा प्रवास पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.