आधी धरून दाखव

मामांचा उजवा अंगठा पेरापासून जरासा बाहेर वळलेला होता. कुणी नवं इंजिन घेतलं आणि मामांना बसवायला बोलावलं, की पाना हातात घेण्याआधी ते तो अंगठा मालकापुढं धरायचे. "हा बघ. सतराव्या वर्षी हँडलनं उलटा तडाखा दिला. हँडलला विळखा घालायचा नाही. अंगठा चार बोटांच्याच बाजूला. आता तू धरून दाखव." माणसानं धरून दाखवल्याशिवाय पुढचं काम सुरू व्हायचं नाही, मग तो सोसायटीचा चेअरमन का असेना.

कृष्णाकाठच्या आमच्या आजोळी त्यांना सगळे 'इंजिनवाले' म्हणत. पन्नासेक वर्षं त्यांनी डिझेल इंजिनं खोलली आणि बांधली. सत्तरी ओलांडल्यावर हत्यारांची पेटी बंद केली. गेल्या पावसाळ्यात ते गेले. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की पेन आपोआप इंजिनाकडं वळतं, आणि मला ते थांबवावंसं वाटत नाही.

त्या मुलखात इंजिन परकं नव्हतं. पलूसजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली. सातारा रोडला धनजीशा कूपरांचा कारखाना होता, तिथली डिझेल इंजिनं जुनी माणसं अजून 'कूपर' म्हणूनच ओळखतात. 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि खडकीच्या कारखान्यातली इंजिनं नदीकाठच्या विहिरींवर येऊ लागली. राजकोटकडून लिस्टरच्या घडणीची जड, संथ इंजिनंही यायची. त्यांची गती मिनिटाला 650 फेरे. दोन्ही अंगांना भलीमोठी फ्लायव्हील, आणि प्रत्येक ठोका वेगळा मोजता येईल असा आवाज. पिठाच्या गिरणीवर हे इंजिन सुरू झालं, की बायका डोक्यावर दळण घेऊन निघायच्या. किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं एव्ही-वन मात्र मिनिटाला 1500 फेरे फिरायचं. त्याचा आवाज सलग, घाईचा. मामांचा जीव या दुसऱ्यावर अधिक होता.

एव्ही-वनचा बोअर 80 मिलिमीटर, पिस्टनची धाव 110 मिलिमीटर. आत आलेली हवा साडेसोळा पटीनं दाबली जाते आणि त्या दाबानंच इतकी तापते, की नोझलमधून उडालेलं डिझेल ठिणगीवाचून पेटतं. हे मला कॉलेजात शिकवलं त्याच्या किती तरी आधी मामांनी सायकलच्या पंपाचं बूड माझ्या गालाला लावून शिकवलं होतं. "नुसती हवा दाबली तर एवढं गरम. आता हिच्या कितीतरी पट दाब."

हवा दाबायलाच एवढं बळ लागतं, म्हणून हातानं इंजिन सुरू करायची रीत ठरलेली. डिकॉम्प्रेशनची खिट्टी वर करायची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि चाक हलकं फिरतं. हँडल मारत मारत वेग आणायचा, नोझलमधून 'कर्र, कर्र' ऐकू आलं की डिझेल पोचलं असं समजायचं आणि खिट्टी पाडायची. फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर पहिला दाब पार करून देतो. जोर अपुरा असताना खिट्टी पडली, तर चाक उलटं येतं आणि हँडल हातावर. मामांचा अंगठा असाच गेला होता.

कामाची त्यांची पद्धत कडक होती. डिझेल पंपाचा प्लंजर आणि त्याची नळी यांच्यामधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, म्हणून ती जोडी एकत्रच घडवतात; एकाचा प्लंजर दुसऱ्या नळीत चालत नाही. धुळीचा कण गेला की पंप संपला. त्यासाठी मामांनी मामीची लग्नातली पितळी परात कायमची उचलली होती. स्वच्छ डिझेल तिच्यात ओतायचं, भाग त्यात बुडवून धुवायचे, आणि चिंधीनं अजिबात पुसायचे नाहीत, कारण चिंधीचे धागे सुटतात. मामीनं त्या परातीसाठी वीस वर्षं भांडण केलं. पण कुणी पाहुणा तिच्यात हात बुडवायला गेला, तर सगळ्यात आधी तीच ओरडायची.

धुराचं शास्त्र त्यांनी अख्ख्या गावाला पाठ करवलं. काळा धूर म्हणजे इंजिनावर ओझं जास्त, नाहीतर नोझल बिघडलं. निळा म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा बघा. पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय. डिझेल संपेपर्यंत चालवलं की लाइनीत हवा शिरते आणि इंजिन मुकं होतं. ती हवा काढायला पैसे देऊन मेकॅनिक बोलावणं त्यांना मुळीच पटत नसे. स्क्रू मालकाच्याच हातानं ढिला करायला लावायचे. बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली, की त्याच्याच हातानं आवळून घ्यायचे. "तुझं इंजिन आहे. मध्यरात्री पाणी पाजताना मी कुठून येणार?" असं शिकवल्यानं त्यांची निम्मी गिऱ्हाइकी गेली असेल. मामी तसं म्हणायची. मला मात्र वाटतं, त्यांनी आयुष्यात केलेलं सगळ्यात मोठं काम हेच.

1972 च्या दुष्काळाची गोष्ट ते क्वचित सांगत, पण मन लावून सांगत. पंप पाणी ओढतो ते हवेच्या दाबावर. हिशेबानं दहा मीटर, प्रत्यक्षात सात-साडेसात. विहिरींचं पाणी त्याखाली गेलं तेव्हा लोकांनी मधल्या टप्प्यावर लाकडी माचण बांधून इंजिनासकट पंप आत उतरवले. पाणी चढायला लागलं, पण धूरही विहिरीतच कोंडायला लागला. मामा तेव्हा पंचविशीच्या आतले. त्यांनी हट्टच धरला : धुराचा पाइप काठाच्या वर निघत नाही तोवर मी हँडलला हात लावणार नाही. पाइप आणायला पैसे नव्हते, तर कुणाच्या पडक्या गोठ्यातले पन्हाळीचे पत्रे वळवून त्यांनी धुराडं केलं. सांध्यांना शेण-माती लिंपली. आत उतरणारा माणूस वर आला, की त्याला घटकाभर झाडाखाली बसवून बोलतं करायचे. जीभ जड झाली का ते बघायला.

हिवाळ्यात गुऱ्हाळं लागली की ते घरी नसायचेच. चरक रात्रभर चालायचा, काहिलीत रस असताना इंजिन बंद पडून भागत नाही. पहाटे घरी यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला डिझेल आणि काकवी असा दोन्हींचा वास असायचा. आजही मला तो कुठं आला, तर मी उभा राहतो.

मग वीज आली, मोटारी आल्या. मामांनी त्याबद्दल कधी कुरकूर केली नाही. बायकांची पाण्याची खेप वाचली याचा त्यांना आनंदच होता. फक्त मोटार जळाली की मालकाला बघत बसण्याखेरीज काही करता येत नाही, हे त्यांना लागायचं.

तेराव्यानंतर मी मामेबहिणीच्या विहिरीवर गेलो. शेतीची लाइट रात्रीची होती आणि भाजीला पाणी दिवसा हवं होतं, म्हणून तिनं मामांचं एव्ही-वन पत्र्याच्या शेडमध्ये जपून ठेवलंय. टाकीच्या बाजूला ती पितळी परात पालथी घातलेली. मी म्हणालो, आज मी सुरू करतो. तिनं हँडल माझ्या हातात दिलं, पण सोडलं नाही.

"दादा, आधी धरून दाखव."

मी धरलं. तिनं माझा अंगठा उचलून चार बोटांच्या बाजूला ठेवला आणि खिट्टी वर केली.