वादळाचें बारसें

घरांत मूल जन्मास आलें म्हणजे बाराव्या दिवशीं त्याचें बारसें होतें. आजोबांस वाटतें, पणजोबांचें नांव चालावें. आजीस कुलदैवताचें नांव हवें असतें. काकू, माम्या आपापल्या पसंतीचीं नांवें सुचवितात. भटजी राशीचें अक्षर सांगतात. आणि शेवटीं पाळण्यापाशीं वांकून, मुलाच्या कानांत 'कुर्र' करून आत्याबाई जें सांगतात तें कायम होतें. आमच्या वाचकांच्या घरोघरीं हा गोड कलह कधीं ना कधीं झालाच असेल. पण ज्याचें नांव जन्मापूर्वीं कित्येक वर्षें ठरलेलें असतें, आणि ज्याच्या जन्माची इच्छा मात्र कोणीच करीत नाहीं, असेंहि एक अपत्य आहे. तें म्हणजे समुद्रावर उठणारें चक्रीवादळ.

इ. स. २०२० च्या जूनच्या आरंभीं 'निसर्ग' हें नांव महाराष्ट्रांतील घराघरांत पोंचलें. आमच्या आत्याबाई त्या वेळीं श्रीवर्धनच्या बाजूस, समुद्रापासून हांकेच्या अंतरावर असलेल्या जुन्या कौलारू घरांत राहत होत्या. वय ऐंशीच्या पुढें. ता. २ रोजीं दुपारीं आम्हीं त्यांस फोन करून, शेजारच्या स्लॅबच्या पक्क्या घरांत जाऊन राहावें, अशी विनंति केली. त्या हंसून म्हणाल्या, "अरे, तुम्हां भावंडांचीं नांवें मीच ठेवलीं. नांव ऐकलें कीं मला पोर कळतें. 'निसर्ग' म्हणे! इतक्या गोड नांवाचें वादळ करून करून काय करणार?" आमच्या घरांतील मुलांनीं हें ऐकलें. त्यांचा प्रश्न अगदीं उलट होता: जें झाडें उपटतें आणि घरें पाडतें, त्याला 'निसर्ग' हें नांव दिलें कोणीं, आणि कां? आत्याबाईंची समजूत व मुलांचा प्रश्न, या दोहोंचें उत्तर शोधतां शोधतां जें हातीं लागलें तें येथें मांडीत आहों.

मुलाच्या नांवाआधीं त्याचें आडनांव पाहूं. तापलेल्या समुद्राच्या वाफेवर पोसलेल्या, एकाच कुळींतल्या या वादळांस निरनिराळ्या समुद्रांत निरनिराळीं आडनांवें आहेत. अटलांटिक महासागरांत तें 'हरिकेन' होतें, चीन-जपानकडील समुद्रांत 'टायफून', आणि आपल्याकडे 'सायक्लोन'. 'हरिकेन' हा शब्द वेस्ट इंडीज बेटांतील मूळ रहिवाश्यांच्या भाषेंतून स्पॅनिश लोकांनीं उचलला. 'सायक्लोन' मात्र आपल्याच देशांत घडला. कलकत्त्यास हेन्री पिडिंग्टन नांवाचे एक इंग्रज गृहस्थ होते. पूर्वायुष्यांत ते जहाजावर कप्तान होते. अनेक जहाजांच्या नोंदवह्या पडताळून त्यांनीं वादळांचा अभ्यास केला, आणि १८४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत, सर्पाच्या वेटोळ्याची कल्पना देणाऱ्या ग्रीक शब्दावरून हें नांव सुचविलें. वारा सरळ न वाहतां मध्याभोंवतीं वेटोळें घालीत असतो, ही गोष्ट खलाश्यास एका शब्दांत कळावी, हा त्यांचा हेतु.

याच पिडिंग्टननीं १८५३ सालीं गव्हर्नर जनरलांस पत्र लिहून बजाविलें होतें कीं, सुंदरबनांत मातला नदीवर नवें बंदर वसवूं नये. वादळाबरोबर समुद्राची लाट येऊन तें बुडेल. बंदर वसविण्यांत आलें, त्याला पोर्ट कॅनिंग असें भारदस्त नांवहि मिळालें, आणि १८६७ सालच्या वादळांत तें उद्ध्वस्त झालें. वादळांच्या कुळास ज्यानें नांव दिलें, त्याचेंच कोणीं ऐकलें नाहीं! वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडेल.

आतां पाळण्यांतल्या नांवाकडे वळूं. वेस्ट इंडीजमधील स्पॅनिश मुलुखांत पूर्वीं, वादळ ज्या संताच्या पुण्यतिथीस आलें त्या संताचें नांव त्यास मिळे. आपल्याकडे रामनवमीस जन्मलेल्या मुलास राम म्हणावें, तशांतलाच हा प्रकार. पण तिथीवर नांव ठेवण्यांत एक अडचण असते. पोर्तो रिको बेटावर १८७६ सालीं १३ सप्टेंबरला संत फिलिपच्या दिवशीं भयंकर वादळ आलें. त्याचें नांव 'सान फेलिपे'. पुढें १९२८ सालीं बरोबर त्याच दिवशीं त्याहून भयंकर वादळ आलें. तेव्हां राजघराण्याप्रमाणें त्यास 'दुसरा सान फेलिपे' म्हणणें लोकांस भाग पडलें. तिकडे ऑस्ट्रेलियांत, गेल्या शतकापूर्वींच्या शतकाच्या अखेरीस, क्लेमेंट रॅग या सरकारी हवामानतज्ज्ञानें वादळांस प्रथम ग्रीक अक्षरांचीं, मग पौराणिक व्यक्तींचीं आणि शेवटीं आपल्याला न आवडणाऱ्या राजकारणी पुरुषांचींहि नांवें दिलीं. अमुक मंत्री आज समुद्रांत दिशाहीन भरकटत आहेत, असें सरकारी पत्रकांतून जाहीर करण्याची सोय त्यामुळें झाली!

दुसऱ्या महायुद्धांत पॅसिफिक महासागरावरील अमेरिकन हवामानतज्ज्ञांनीं वादळांस आपल्या पत्नींचीं व प्रेयसींचीं नांवें देण्याचा प्रघात पाडला, आणि १९५३ पासून अमेरिकेंत स्त्रियांच्या नांवांची यादीच अधिकृत झाली. वादळ चंचल, वादळ रागीट, त्याचा नेम नाहीं, म्हणून त्यास बाईचें नांव शोभतें, अशा थाटाच्या विनोदांस मग ऊत आला. मराठींत 'नांव ठेवणें' आणि 'नांवें ठेवणें' यांत अंतर फार थोडें आहे. अमेरिकेंत तेवढेंहि उरलें नाहीं. फ्लॉरिडांतील रॉक्सी बोल्टन यांच्यासारख्या स्त्रियांनीं याविरुद्ध नेटानें चळवळ केली, आणि १९७९ पासून अटलांटिकच्या यादींत स्त्रियांचीं व पुरुषांचीं नांवें एकाआड एक येऊं लागलीं. ही हकीकत आम्हीं घरांत सांगितली तेव्हां आमच्या वडील वहिनी म्हणाल्या, "वादळांचीं नांवें बदलायला तरी चळवळ झाली. लग्नांत आमचीं बदललीं, तेव्हां कोणीं आम्हांला विचारलें होतें?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, हें प्रांजळपणें नमूद करतों.

पण मुळांत नांव हवें कशाला? समुद्रावरील वादळाचा ठाव अक्षांश-रेखांशांनीं सांगतां येतो, आणि शास्त्रज्ञांस तेवढें पुरतें. परंतु आंकडे ऐकतांना चुकतात, सांगतांना बदलतात, आणि सामान्य माणसाच्या ध्यानांत राहत नाहींत. शिवाय समुद्रांत एका वेळीं एकच वादळ असेल, असाहि नियम नाहीं. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रांत 'क्यार' व 'महा' अशीं दोन चक्रीवादळें एकाच वेळीं होतीं. एक कोठें चाललें आहे आणि दुसरें कोठें, हें नांवांवांचून आमच्या कोंकणांतील मच्छीमारास कसें समजावून सांगणार?

असें असूनहि आपल्या समुद्रांत ही पद्धत फार उशिरां आली. मुंबईवर १९४८ च्या नोव्हेंबरांत मोठें वादळ आलें, त्यास नांव नव्हतें. १९९९ च्या ऑक्टोबरांत ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळानें सुमारें दहा हजार माणसांचे बळी घेतले; त्यासहि असें नांव नव्हतें. पुढल्याच वर्षीं, म्हणजे २००० सालीं, मस्कत येथें बंगालचा उपसागर व अरबी समुद्र यांच्याशीं संबंध असलेल्या राष्ट्रांच्या मंडळाची बैठक भरली, आणि वादळांस नांवें द्यावीं असें तत्त्वतः ठरलें. बांगलादेश, भारत, मालदीव, म्यानमार, ओमान, पाकिस्तान, श्रीलंका व थायलंड या आठ राष्ट्रांनीं प्रत्येकीं आठ अशीं चौसष्ट नांवें दिलीं, आणि २००४ सालीं बांगलादेशानें दिलेल्या 'ओनिल' या नांवापासून बारशांस आरंभ झाला. भारताचीं नांवें अग्नि, आकाश, बिजली, जल, लहर, मेघ, सागर व वायु अशीं होतीं. पंचमहाभूतांपैकीं चार त्यांत आलीं; पृथ्वी तेवढी राहिली. तें योग्यच झालें, कारण बाकीच्यांचा मार शेवटीं तिलाच सोसावा लागतो.

पुढें २०१८ मध्यें इराण, कतार, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती व येमेन हीं पांच राष्ट्रें या मंडळांत आलीं. मग तेरा राष्ट्रांनीं प्रत्येकीं तेरा, अशी १६९ नांवांची नवी यादी २०२० च्या एप्रिलांत जाहीर झाली. राष्ट्रांचा क्रम इंग्रजी वर्णमालेप्रमाणें लागतो. यादी सभासदांची, पण पाळण्याजवळ वांकून नांव उच्चारण्याचा मान दिल्लीच्या भारतीय हवामानशास्त्र विभागाचा. या समुद्राची आत्याबाई तीच. वाऱ्याचा वेग ताशीं सुमारें ६२ किलोमीटरांवर गेला कीं यादींतलें पुढचें नांव त्या वादळास मिळतें. नांव आंखूड व उच्चारावयास सोपें असावें. राजकारण, धर्म, स्त्रीपुरुषभेद यांच्या वादांत तें सांपडूं नये. कोणत्याहि समाजाच्या भावना दुखवूं नयेत. आणि एकदां वापरलेलें नांव या समुद्रांत पुन्हां वापरूं नये, असे नियम आहेत. अटलांटिकांत तींच नांवें सहा वर्षांनीं फिरून येतात, आणि २००५ च्या 'कॅटरिना'सारखें अतिसंहारक वादळ झालें तरच तें नांव निवृत्त करतात. आपल्याकडे मात्र प्रत्येक नांवाचा अवतार एकच.

मुलांच्या प्रश्नाचें उत्तर येथें मिळतें. २०२० च्या मे महिन्यांत बंगालच्या उपसागरांत आलेलें 'अंफान' हें जुन्या यादींतील शेवटचें नांव होतें, आणि तें थायलंडचें. तें संपतांच नवी यादी उघडली. तींत पहिली पाळी बांगलादेशाची, आणि त्याचें पहिलें नांव 'निसर्ग'. म्हणजे नांवानें वादळाचा स्वभाव पाहिला नाहीं, किंवा वादळानें नांव निवडलें नाहीं. रांगेंत पुढें उभें होतें तें नांव मिळालें, इतकेंच.

नांवाचा मानापमानाशीं संबंध जडला म्हणजे काय होतें, हें २०१३ च्या मे महिन्यांत दिसलें. बंगालच्या उपसागरांतील एका वादळास श्रीलंकेनें यादींत दिलेलें 'महासेन' हें नांव मिळालें. महासेन हा श्रीलंकेचा प्राचीन राजा. त्यानें मोठमोठे तलाव बांधून देश सुपीक केला. अशा लोकहितकर्त्याचें नांव संहारक वादळास द्यावें काय, म्हणून त्याच देशांतून आक्षेप निघाला, आणि वादळ समुद्रावर असतांनाच तें नांव बदलून 'वियारू' करावें लागलें. आक्षेप अयोग्य होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या वेळीं वादळ कोठें आहे हें बोलावयाचें, त्या वेळीं त्यास काय म्हणावें याचा वाद चालावा, ही गोष्ट बरी नव्हे. यादींतील नांवें निरुपद्रवी असावींत, तीं यासाठींच.

मग नांवाचा उपयोग झाला काय? ओडिशाकडेच पुन्हां पाहूं. १९९९ नंतर चौदा वर्षांनीं, २०१३ च्या ऑक्टोबरांत, त्याच किनाऱ्यावर 'फायलिन' नांवाचें अतितीव्र चक्रीवादळ आलें. या वेळीं सुमारें दहा लाख माणसांस आधींच सुरक्षित जागीं हलविण्यांत आलें, आणि मृतांची संख्या शंभरापर्यंतहि गेली नाहीं. हा चमत्कार नांवाचा नव्हे. मधल्या काळांत किनाऱ्यावर आसरागृहें उभीं राहिलीं, उपग्रहांचें व रडारचें ज्ञान वाढलें, आणि गांवोगांवच्या लोकांनीं सरावाच्या कवायती केल्या. नांवाचें काम एवढेंच कीं, या साऱ्या खटाटोपाचा निरोप चुकल्याशिवाय कानापर्यंत पोंचावा. कानानें तो आंत घ्यावा, हें नांवाच्या हातीं नाहीं. तसें असतें तर पिडिंग्टनसाहेबांचें पत्र वाया गेलें नसतें.

आमच्या आत्याबाईंचेंच पाहा. ३ जूनच्या सकाळीं शेजारणीच्या मुलानें त्यांस अक्षरशः हाताला धरून आपल्या घरीं नेलें. दुपारीं 'निसर्ग' किनाऱ्यावर आदळलें. त्यांच्या घराचीं कौलें पत्त्यांसारखीं उडालीं. माजघरांत, जेथें त्या दुपारीं आडव्या होत असत, तेथें तुळई येऊन पडली. आणि सासऱ्यांच्या हातची पोफळीची वाडी तासाभरांत भुईसपाट झाली. पुढें कित्येक दिवस वीज नव्हती. पंधरवड्यानें आम्ही तेथें पोंचलों, तेव्हां त्या पडलेल्या पोफळी मोजीत बसल्या होत्या. नांवाविषयीं त्या एक अक्षर बोलल्या नाहींत, आणि आम्हींहि विचारलें नाहीं.

पुढल्या वर्षीं मे महिन्यांत 'तौक्ते' आलें. तें नांव म्यानमारचें. मोठ्यानें ओरडणाऱ्या एका जातीच्या पालीचें. पाल चुकचुकली कीं आपल्याकडे मनांत शंका येते, तेव्हां हें नांव आत्याबाईंस नक्की पटेल असें वाटून आम्हीं फोन केला, आणि मोठ्या उत्साहानें अर्थ सांगूं लागलों. त्यांनीं मध्येंच थांबविलें. "नांव असूं दे कांहींहि. तें आतां कोठें आहे, वारा किती आहे, आणि आमच्याकडे केव्हां येणार, तें सांग. मी कापडें आणि औषधें बांधून ठेवलीं आहेत. सकाळींच शेजारीं चाललें आहे."

नव्या यादींत भारतानें दिलेलीं व्योम, अंबुद, जलधि, प्रभंजन अशीं सुरेख संस्कृत नांवें आहेत. अशा एखाद्या नांवानें वादळ आलें, तर आमच्या सुशिक्षित वाचकांस त्याची व्युत्पत्ति सांगण्याचा मोह खचित होईल. ती अवश्य सांगावी. पण आत्याबाईंचे तीन प्रश्न आधीं विचारून, आणि घरांतील वृद्ध मंडळींस पक्क्या छपराखालीं नेऊन बसविल्यावर.