धक्क्यावरचे शाईचे डाग

जपानच्या दक्षिणेस क्यूशू बेटावर कागोशिमा नांवाचें बंदर आहे. आश्विनांतील एका संध्याकाळीं तेथील धक्क्यावर फिरावयास गेलों असतां दगडांवर जागोजाग काळे डाग आमच्या दृष्टीस पडले. कोणाची दौत सांडली कीं काय, असें प्रथम वाटलें. चौकशी करितां कळलें कीं, ही शाई म्हाकुळांची! पाण्याबाहेर ओढला जातांच हा प्राणी शाई सोडतो, आणि गळ टाकणारे लोक हे डाग पाहूनच आपली जागा निवडतात.

ज्या घरीं मासळी वर्ज्य आहे तेथील वाचकांनाहि या जीवाची हकीकत मनोरंजक वाटेल. म्हाकूळ हा मासा नव्हे. तो शिंपल्या-गोगलगायींच्या कुळांतला. परंतु पाठीवरचें घर टाकून मोकळा झालेला. त्याला आठ हात, शिवाय दोन लांब बाहु आणि तीन हृदयें असतात. रक्त तांब्याच्या अंशामुळें निळसर दिसतें.

त्याला धरावयाचें साधनहि अजब आहे. 'एगी' म्हणजे लाकडाची कोळंबी. तिच्या गळ्याखालीं शिसें असतें आणि शेपटीशीं उलट्या छत्रीच्या काड्यांसारख्या वर वळलेल्या सुया असतात. कोणा कोळ्याची जळती मशाल समुद्रांत पडली आणि त्या लाकडास म्हाकूळ येऊन बिलगला, त्यावरून ही युक्ति सुचली, अशी आख्यायिका आहे. आजची एगी बहुधा प्लास्टिकची, वर कापड चढविलेली असते. रीत मात्र जुनीच. ती दूर फेंकून तळाशीं जाऊं द्यावयाची, दोनतीन हिसके देऊन वर उडवावयाची आणि पुन्हां सावकाश बुडूं द्यावयाची. ती बुडूं लागली कीं म्हाकूळ तिला मिठी मारतो आणि त्या मिठींतच सांपडतो. सुयांना उलटे कांटे नसतात. म्हणून दोरी क्षणभर सैल पडली तरी तो निसटतो.

आमच्या शेजारीं उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनीं वीतभर म्हाकूळ ओढून काढला आणि हलकेच पुन्हां पाण्यांत सोडला. दुभाष्यामार्फत कारण विचारतां ते म्हणाले, "याला अजून वसंत पाहावयाचा आहे."

त्या उत्तराचा अर्थ आम्हांस मागाहून उमगला. या म्हाकुळाचें आयुष्य अवघें वर्षभराचें. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत किनाऱ्याजवळच्या शेवाळवनांत अंडीं घालावयाचीं आणि मरावयाचें, हा त्याचा क्रम. यंदाचीं अंडीं वांचलीं नाहींत तर पुढच्या वर्षीं धक्का रिकामा. कारण मागें कोणी वडीलधारें उरतच नाहीं! आणि जपानच्या पुष्कळ किनाऱ्यांवरील तीं शेवाळवनें आज विरळ होत चाललीं आहेत.

यावर तेथील कोळ्यांनीं आणि पाणबुड्यांनीं उपाय योजिला आहे. झाडांच्या फांद्यांच्या जुड्या बांधून, वजन लावून ते त्या समुद्रतळाशीं बसवितात; कांहीं ठिकाणीं शाळेंतील मुलेंहि या कामीं हातभार लावितात. मग त्या फांद्यांवर शेंगांसारख्या पांढऱ्या अंडकोशांचे घोस लटकूं लागतात. बाळंतपणासाठीं बांधलेलें हें माहेरच म्हणावयाचें; मात्र येथें आलेली माहेरवाशीण परत जात नाहीं.

आमच्या कोंकणांतहि म्हाकूळ जाळ्यांत येतो, बाजारांत विकला जातो. त्याच्या माहेराची चौकशी आपण कधीं केली आहे काय? कागोशिमाहून परततांना आमच्या अंगरख्याच्या बाहीवर शाईचा एक ठिपका उडालेला दिसला. पुष्कळ धुवूनहि तो अद्याप गेलेला नाहीं.