बीपी नॉर्मल आलंय, मग गोळी कशाला?

दवाखान्यातून परतताना रिक्षातच निर्णय होऊन जातो. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, १२८/८० आलं, ‘छान आहे, गोळी चालू ठेवा’ असं ते म्हणाले. घरातल्या मोठ्या माणसाला त्यातलं ‘छान आहे’ तेवढंच ऐकू येतं. पाकीट संपतं, नवं येत नाही. चार-सहा महिन्यांनी कुणीतरी विचारतं तेव्हा उत्तर तयार असतं, ‘अरे, माझं बीपी गेलं.’

ते गेलेलं नसतं. आकडा नॉर्मल आला तो गोळी पोटात जात होती म्हणून. यातल्या बऱ्याचशा गोळ्यांचा अंमल साधारण दिवसभराचा असतो. त्या थांबवल्या की दाब काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत हळूहळू पूर्वपदावर जातो, आणि काही गोळ्या एकदम बंद केल्या तर तो उसळी मारून आधीपेक्षाही वर जाऊ शकतो. वजन उतरलं, मीठ कमी झालं, रोजचं चालणं अंगवळणी पडलं तर डोस खाली येतो, क्वचित गोळी सुटतेही. पण ते पुन्हा पुन्हा मोजून डॉक्टरांनी ठरवायचं असतं.

‘एकदा सुरू केली की सवय लागते’ ही भीती तर घरोघरी आहे. व्यसन लागतं तशी सवय या गोळीची लागत नाही. ती रोज लागते, कारण रक्तदाब रोज असतो. या भीतीपायी पहिली गोळीच वर्षानुवर्षं पुढे ढकलणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी त्यांचीच वाटते. त्या वर्षांत हृदय, मूत्रपिंडं आणि डोळ्यांमागच्या बारीक रक्तवाहिन्या तो वाढीव दाब मुकाट सोसत असतात.

माझी आत्या गोळ्या चिवड्याच्या जुन्या डब्यात ठेवायची. पाकिटावर वार छापलेले होते, पण फुटलेली घरं मधूनमधूनच. सोमवार रिकामा, मंगळवार भरलेला, गुरुवार भरलेला. विचारलं तर म्हणाली, ‘डोकं जड झालं की घेते. बरं वाटत असताना उगीच कशाला?’ मंगळवार आणि गुरुवार तिचे उपासाचे. उपाशीपोटी गोळी बाधेल, हेही डोक्यात पक्कं. खरं तर रक्तदाबाच्या बऱ्याच गोळ्या रिकाम्या पोटीही चालतात. निर्जळी एकादशी असेल किंवा रोजे असतील, तर वेळ कशी बदलायची हे डॉक्टरांना आधी विचारून घ्यावं. लघवी जास्त करणारी गोळी चालू असेल तर नक्कीच विचारावं, कारण पाण्याविना ती त्रास देऊ शकते.

आता ‘डोकं दुखलं की बीपी वाढलं’ याबद्दल. वाढलेल्या रक्तदाबाला बहुतेकांमध्ये कसलंही लक्षण नसतं. चक्कर नाही, डोकेदुखी नाही, जेवण-झोप व्यवस्थित. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ नोंदला गेला होता, आणि त्यानंतरही ते महायुद्धाचा कारभार हाकत होते. १२ एप्रिल १९४५ रोजी डोकं भयंकर दुखत असल्याचं सांगून ते कोसळले. तेव्हा मोजलेला दाब ३००/१९० होता. मेंदूत रक्तस्राव होऊन त्याच दिवशी ते गेले. डोकं दुखलं ते अगदी शेवटी.

वय वाढलं की दाब वाढणारच, असं त्या काळी अनेक डॉक्टरही मानत, आणि परिणामकारक औषधंही हाताशी नव्हती. ‘वय अधिक शंभर’ हा हिशेब आपल्याकडे अजून ऐकू येतो. तो चुकीचा आहे. सत्तरीतल्या माणसाचा वरचा आकडा सतत १७० असेल तर त्याला अर्धांगवायूचा धोका आहेच, आणि उपचाराने तो धोका कमी होतो.

‘त्यापेक्षा झाडपाला बरा, त्याने अपाय होत नाही.’ या समजाला उत्तर देणारी गोष्ट मुंबईतलीच आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम रुग्णांवर तपासला आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला. जगाचं लक्ष या वनस्पतीकडे वळलं. पुढे तिच्यातून रिसर्पीन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि ते जगभर वापरलं गेलं. पण त्याने काही रुग्णांना खोल नैराश्य येतं असं दिसलं, आणि सोयीची औषधं आल्यावर ते मागे पडलं. ज्या मुळीत गुण आहे, तिच्यात अपायही असू शकतो. मोजून दिलेल्या मात्रेची किंमत इथे कळते.

आजच्या गोळ्यांनाही त्रास आहेतच. अ‍ॅम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात, रॅमिप्रिलने कोरडा खोकला येतो. असं झालं तर गोळी बदलून मिळते, गुपचूप बंद करायची नसते. आणि गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन दाब वाढवते, हे डॉक्टरांना सांगायचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

तापट माणसालाच बीपी होतं, हेही खरं नाही. रागाने दाब तेवढ्यापुरता चढतो. शांत, हसतमुख बाईचाही १६० असू शकतो.

मिठाचं मात्र गंभीरपणे घ्यायला हवं. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. सैंधव वापरलं म्हणजे सुटलो असं नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, वर त्यात आयोडीन बहुधा नसतं. पानात वरून मीठ न घेणाऱ्यांच्या पोटातही लोणचं, पापड, फरसाण आणि चहाबरोबरची खारी यांतून भरपूर मीठ जातं. पापडखारातही सोडियम असतंच. कमी सोडियमचं मीठ बाजारात आहे, पण त्यात पोटॅशियम असल्याने मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ते विचारल्याशिवाय आणू नये.

घरी मोजणार असाल तर आधी पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या उंचीला. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, मोजताना बोलणं नको. दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त वारंवार येत असेल तर ते वाढलेलं समजतात. गोळ्यांचा खर्च अडत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीही होते आणि रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्याही मोफत मिळतात. लग्नाला किंवा गावी जायचं असेल तर जास्त दिवसांच्या मागून घ्या. डॉक्टरांकडे जाताना वही सोबत न्या, आणि गुडघ्याच्या गोळीचं पाकीटही.