ओल्ड कोर्सची सोडत : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्यामुंबईच्या क्लबात गोल्फ आटोपून चार जण चहाला बसले आणि स्कॉटलंडचा विषय निघाला, की पहिली चौकशी विमानाच्या तिकिटाची होते. ती खरं तर सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सची व्हायला हवी. विमानात जागा रोज मिळते, तिथला टी-टाइम तसा मिळत नाही. आणि तो कसा मिळतो याबद्दलच्या ऐकीव गोष्टी फार.

गैरसमज : ओल्ड कोर्स एका बड्या क्लबचा आहे, सभासदाची ओळख लागते.

वस्तुस्थिती : पहिल्या टीच्या मागे रॉयल अँड एन्शंट क्लबची दगडी इमारत उभी असते, त्यामुळे हा समज होतो. मैदान मात्र सार्वजनिक आहे. १९७४ च्या ब्रिटिश संसदेच्या कायद्याने नेमलेला लिंक्स ट्रस्ट इथल्या सात कोर्सचा कारभार पाहतो. वशिला लागत नाही. लागतो तो हँडिकॅपचा दाखला, तोही ठरलेल्या मर्यादेतला. २०२० पासून जागतिक हँडिकॅप पद्धत सुरू झाल्याने आपल्या क्लबातला आकडा तिथेही समजतो. निघण्यापूर्वी ताजा दाखला घ्या.

गैरसमज : हॉटेलसारखी तारीख निवडायची, पैसे भरायचे, झालं.

वस्तुस्थिती : बहुतेक कोर्सवर हे चालतं, इथे नाही. पुढच्या वर्षासाठीचे आगाऊ अर्ज तिथल्या आदल्या उन्हाळ्याच्या अखेरीस मागवले जातात आणि त्यात ओल्ड कोर्सबरोबर ट्रस्टच्या दुसऱ्या एखाद्या कोर्सवरचा खेळही घ्यावा लागतो. ही काही शिक्षा नव्हे. न्यू कोर्स १८९५ चा आहे. नाव ‘न्यू’, वय सव्वाशेच्या पुढे. अधिकृत सहल कंपन्यांकडेही वेळा असतात, पण हॉटेलसकट आणि चढ्या दराने.

गैरसमज : आगाऊ अर्ज फसला की संधी गेली.

वस्तुस्थिती : खरी गंमत इथेच आहे. ‘बॅलट’ म्हणजे म्हाडासारखी सोडत, फक्त घराऐवजी टी-टाइमची. खेळायच्या दोन दिवस आधी दुपारी दोनपर्यंत नावं द्यायची. गुरुवारी खेळायचं तर मंगळवारी. कमीत कमी दोघे, जास्तीत जास्त चौघे. नाव द्यायला पैसे पडत नाहीत. निघालं तरच ग्रीन फी, जी २०२४ च्या हंगामात ३२० पौंड होती. एक दिवस हुकला तर दुसऱ्या दिवसासाठी पुन्हा नाव देता येतं. म्हणून तिथे एकच रात्र राहून पुढे पळणाऱ्यापेक्षा चार-पाच दिवस मुक्काम करणाऱ्याला संधी जास्त.

गैरसमज : एकट्याने पहाटेपर्यंत रांगेत कुडकुडायचं.

वस्तुस्थिती : हे पूर्वी खरं होतं, लोक रात्रभर रांग लावत. २०२४ पासून एकट्या खेळाडूंसाठी वेगळी सोडत आहे. आदल्या दिवशी स्वतः जाऊन नाव नोंदवायचं; तिघांच्या गटात जागा असेल तर चौथा म्हणून वर्णी लागते.

गैरसमज : शनिवार-रविवार मोकळा ठेवला की पुरे.

वस्तुस्थिती : मोठ्या स्पर्धा वगळता ओल्ड कोर्स रविवारी बंद. त्या दिवशी तो गावाची बाग होतो; माणसं कुत्री घेऊन फेअरवेवर फिरतात. सोमवारी खेळायचं तर नाव शनिवारीच द्या. स्कॉटलंडमधल्या इतर कोर्सचेही वार पाहा : म्यूरफील्डवर पाहुण्यांना मंगळवार आणि गुरुवार हेच दिवस असतात.

गैरसमज : संध्याकाळचा टी-टाइम म्हणजे अर्धाच खेळ.

वस्तुस्थिती : हे आपल्याकडच्या सूर्याचं गणित. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणून पाचची वेळही सोडू नका. डिसेंबरमध्ये उलट : चारच्या आधीच मावळतो. शिवाय हिवाळ्यात गवत जपण्यासाठी फेअरवेवरचे फटके छोट्या मॅटवरून मारावे लागतात. स्वस्त दराला भुलण्यापूर्वी एवढं लक्षात असू द्या.

गैरसमज : कॅडी तिथे उभाच असेल, नाहीतर बग्गी आहेच.

वस्तुस्थिती : आपल्याला बॅगेमागे कॅडी गृहीत धरायची सवय. तिथे तो आधी मागावा लागतो, मिळेलच असं नाही आणि त्याचे पैसे ग्रीन फीपेक्षा वेगळे. बग्गी वैद्यकीय कारणाशिवाय मिळत नाही. अठरा होल चालायचे, तेही समुद्रावरच्या वाऱ्यात. सरावाचे दोन महिने धरा.

गैरसमज : आधी व्हिसा हातात येऊ दे, मग गोल्फचं बघू.

वस्तुस्थिती : ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी करता येतो. जूनमध्ये जायचं तर तो दरवाजा मार्चमध्ये उघडतो आणि तोवर आगाऊ टी-टाइमचे अर्ज कधीच संपलेले असतात. त्यामुळे गोल्फ आधी आणि व्हिसा नंतर हाच क्रम. मात्र पैसे भरताना रद्द केल्यास किती परत मिळतात, ते वाचूनच भरा.

सहलीचा तक्ता आखताना बाकीचे कोर्स पक्के करा, पण सेंट अँड्र्यूजमधले एक-दोन दिवस मुद्दाम कोरे सोडा. सोडतीत नाव निघालं तर खेळायला दिवस हवा ना! आणि नाहीच निघालं, तर रविवारपर्यंत थांबा. त्या दिवशी अठराव्या होलवरचा तो दगडी स्विलकन पूल ओलांडायला ना सोडत लागते, ना हँडिकॅप.