निवटी जगते, म्हणून चिखल स्वच्छ?

बडोद्याहून कावी-कंबोईच्या स्तंभेश्वराला जाणाऱ्यांची नजर बहुधा भरतीत बुडणाऱ्या शिवलिंगावर असते. ओहोटीनंतर खंभातच्या आखाताचा जो करडा चिखल उघडा पडतो, त्यावर राज्य असते निवटीचे. मुंबई-कोकणात हिचे कालवण आवडीने खातात, गुजरातीत हिला लेवटा म्हणतात आणि शास्त्राच्या हिशेबात ती गोबी माशांच्या गोतावळ्यातली. या आखातातली नेहमीची जात, बोलिओफ्थाल्मस ड्युसुमिएरी, फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ वालांसिएन यांनी 1837 मध्ये नोंदवली. याच आखाताला मिळणाऱ्या मही नदीच्या मुखाशी, सारोद गावाजवळ, बडोद्याच्या कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सुमारे 55 किलोमीटरच्या चॅनलमधून 1980 च्या दशकापासून येऊन मिळते. अशा पाण्याविषयी शंका काढली की एक उत्तर हमखास पुढे येते: मासे जगताहेत ना, मग पाणी वाईट कसे? निवटीचे जीवरसायन नीट पाहिले तर हे उत्तर टिकत नाही.

निवटीचे डोळे डोक्याच्या माथ्यावर असतात. ते सुकू लागले की ती ते खालच्या ओलसर खोबणीत ओढून घेते आणि भिजवून पुन्हा वर काढते. डोके डावीउजवीकडे फिरवत ती चिखलावरचा डायटम या सूक्ष्म शैवलांचा तपकिरी थर खरवडून खाते. हवेतला प्राणवायू ओल्या त्वचेतून आणि तोंड-घशाच्या अस्तरातून घेते. तिच्या बिळात प्राणवायू जवळजवळ नसतोच. आग्नेय आशियातली तिची थोरली बहीण, पेरिओफ्थाल्मोडॉन श्लोसेरी, तोंडात हवा भरून बिळात नेऊन साठवते, हे इशिमात्सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवून दिले. पण श्वासापेक्षा अवघड प्रश्न विषाचा आहे. प्रथिनांच्या विघटनातून अमोनिया तयार होतो आणि मासे तो कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून मोकळे होतात. भोवती पाणीच नसेल तर? श्लोसेरी कल्ल्यांतल्या पेशींमधून अमोनियम ऊर्जा खर्चून बाहेर ढकलते, बाहेर त्याचे प्रमाण आतल्यापेक्षा जास्त असले तरीही. शिवाय काही अमिनो आम्ले ती अर्धवटच वापरते आणि त्यांचे ॲलनिन करते, त्यामुळे अमोनिया मुळातच कमी सुटतो. चिखलातला हायड्रोजन सल्फाइड पेशींचा श्वास सायनाइडसारखाच रोखतो. बोलिओफ्थाल्मसच्या पेशी त्याचे ऑक्सिडीकरण करून त्याला बरेच निरुपद्रवी करतात. 2014 मध्ये निवटीच्या चार जातींचे जनुकसंच वाचले गेले, तेव्हा अमोनिया बाहेर टाकण्याशी संबंधित जनुकांवर नैसर्गिक निवडीचा ठसा दिसला.

या दोन्ही विषांशी निवटी कशी लढते ते पाहा. एक विष ती बाहेर फेकते, दुसऱ्याची रासायनिक मोडतोड करते. लाखो वर्षे चिखलात काढल्यावर कमावलेली ही ताकद आहे आणि ती चिखलाच्या नैसर्गिक विषांपुरतीच आहे. कॅडमियम किंवा पारा ही मूलद्रव्ये आहेत, त्यांची मोडतोड कोणत्याही पेशीला करता येत नाही. मेटॅलोथायोनीन नावाचे प्रथिन असे धातू पकडून ठेवते, त्यामुळे मासा तगतो खरा, पण धातू मुख्यतः यकृतात आणि मूत्रपिंडात साचत जातात. म्हणजे ज्या गुणामुळे निवटी जिवंत दिसते, त्याच गुणामुळे ती धातूंचे कोठार होऊ शकते. पाऱ्याचे तर त्याहून वाईट. प्राणवायू नसलेल्या चिखलातले जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि तो माशांकडून बगळ्यांकडे, माणसांकडे चढत जातो.

माशाची तब्येत आणि खाणाऱ्याची सुरक्षितता या वेगळ्या गोष्टी आहेत, याचा सर्वांत ठळक पुरावा गोबींच्याच कुळात सापडतो. योंगेइक्थिस क्रिनिगर या गोबीमध्ये टेट्रोडोटॉक्सिन असल्याचे जपानी शास्त्रज्ञ नोगुची आणि हाशिमोतो यांनी 1973 मध्ये सिद्ध केले. फुगू माशाचे हेच ते कुप्रसिद्ध विष. ते मज्जापेशींची सोडियमची दारे बंद करते, श्वासाचे स्नायू लुळे पडतात, आणि शिजवल्याने ते जात नाही. विष अंगात बाळगून तो मासा मात्र खुशाल पोहत असतो. यावरून निवटी विषारी ठरत नाही. बाजारातल्या निवटीला या गोबीच्या पंक्तीत बसवणे चुकीचे होईल, आणि निवटी खाणे सोडा असेही मला म्हणायचे नाही. मुद्दा एवढाच की हालचाल करणारा मासा हा निर्वाळा नव्हे.

यावर कोणी म्हणेल, खंभातच्या आखाताची भरती जगातल्या मोठ्या भरत्यांपैकी एक, ती सगळे धुऊन नेते. विरघळलेल्या पदार्थांबाबत हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण धातू चिखलाच्या बारीक कणांना चिकटतात आणि पाणी संथ झाले की तिथेच बसतात. निवटी नेमका तोच वरचा थर खरवडते. दुसरा आक्षेप असा की पाण्याचे नमुने तपासले जातातच, मग माशाची गरज काय? पाण्याचा नमुना त्या घटकेचे सांगतो, तर यकृतात कित्येक महिन्यांचा हिशेब जमलेला असतो.

निवटीच्या यकृताची अशी तपासणी बडोद्यात होऊ शकते. इथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग आहे, आणि सागरी प्राण्यांची पाहणी या शहराला नवी नाही. गायकवाडांच्या संस्थानाने ओखामंडळच्या किनाऱ्याचा अभ्यास सागरी प्राणिशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांच्याकडून करून घेतला, त्याच्या अहवालाचा पहिला भाग 1909 मध्ये प्रसिद्ध झाला. सारोदच्या आणि चॅनलपासून दूरच्या किनाऱ्यावरच्या सारख्या आकाराच्या निवट्या घ्याव्यात. त्यांच्या यकृतातले आणि मांसातले धातू पावसाळ्याच्या आधी आणि नंतर मोजावेत, मज्जापेशींचे संदेश वेळेवर थांबवणाऱ्या मेंदूतल्या ॲसिटाइलकोलिनएस्टरेज विकराचे काम विषांमुळे मंदावले आहे का तेही पाहावे. दूरचा किनारा घेणे अटळ आहे. नद्या वाहून आणतात त्या मातीत तांबे, निकेल मुळातच असते, त्यामुळे एकट्या सारोदचे आकडे पाहून कारखान्यांना दोषी किंवा निर्दोष ठरवता येणार नाही.