प्रिंटर कोणावर रुसला?

मुलांनो, घरातला प्रिंटर नेमका कधी रुसतो, ठाऊक आहे? उद्या शाळेत प्रकल्प द्यायचा असतो, रात्रीचे नऊ वाजलेले असतात आणि कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान बंद झालेलं असतं, तेव्हा! आमच्याकडेही तसंच झालं. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातल्या मुलांची शिष्यवृत्तीची सराव परीक्षा होती. प्रश्नपत्रिका छापायला घेतली, तर प्रिंटरच्या पोटातून ‘खाड्, खाड्, खाड्’ असा आवाज आला आणि पडद्यावर सूचना झळकली : ‘कागद अडकला आहे.’

माझा संशय सरळ आमच्या धाकट्यावर गेला. छपाई संपण्याआधीच कागद ओढायची त्याला भारी खोड. “तूच ओढलास ना?” मी चांगलीच रागावले. “नाही गं आई,” म्हणत तो मुसमुसतच झोपला. सकाळी प्रश्न मी फळ्यावर लिहून काढले. संध्याकाळी दुरुस्तीच्या दुकानात विचारलं, तर उत्तर मिळालं, “बाई, यावर खर्च करण्यापेक्षा नवीनच घ्या.” नवीन म्हणजे काही हजारांचा मामला! म्हटलं, आधी आपणच बघू.

आता बिघाड शोधायचा, तर यंत्र चालतं कसं ते आधी कळायला हवं. हा प्रिंटर कागदावर शाईचे बारीक बारीक थेंब उडवतो. थेंब सोडणारी छिद्रं आपल्या केसापेक्षाही बारीक असतात. ही युक्ती सापडली कशी, त्याची मोठी गंमत आहे. १९७७ साली जपानमधल्या कॅनन कंपनीचे संशोधक इचिरो एंदो प्रयोग करत होते. तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागलं आणि सुईतून शाई उडाली! उष्णतेनं शाईत बुडबुडा होतो आणि तो शाईला बाहेर ढकलतो. काही प्रिंटरांत मात्र उष्णता नसते. तिथे विजेनं हलणारा एक स्फटिक शाईला धक्का देतो.

पण नुसती शाई उडवून भागत नाही. ती बरोबर जागी पडली पाहिजे. त्यासाठी दोन हालचाली लागतात. रबरी रोलर कागद पुढे सरकवतो आणि शाईची छिद्रं असलेलं हेड एका छोट्या गाडीत बसून डावी-उजवीकडे पळतं. गाडी दातेरी पट्ट्यानं ओढली जाते आणि गुळगुळीत दांड्यावरून किंवा रुळावरून धावते.

रोलरचे आजार साधे असतात. रबरावर धूळ बसली की तो नुसता घसरतो, कागद घेतच नाही. प्लग काढून, ओलसर फडक्यानं पुसला की बहुतेक वेळा काम होतं. पावसाळ्यात कागद दमट होऊन एकमेकांना चिकटतात आणि दोन-तीन एकदम आत जातात. तेव्हा दोष प्रिंटरचा नसतो, आपण गठ्ठा उघडा ठेवलेला असतो!

आमच्या प्रिंटरचं दुखणं मात्र वेगळं होतं. मी ट्रेमधले सगळे कागद काढले आणि नुसताच प्रिंटर चालू केला. तरी खाड् खाड्! पुन्हा तीच सूचना! आत टॉर्च मारून पाहिलं, कपटासुद्धा नाही. म्हणजे कागदाचा संबंधच नव्हता. काहीतरी अडलं एवढंच प्रिंटरला कळलं होतं. काय अडलं, हा त्याचा अंदाज होता.

गाडी मध्यावर थांबलेली असतानाच मी प्लग काढला आणि तिला हळूच बोटानं सरकवलं. ती अगदी अलगद इकडून तिकडे गेली. पट्टा शाबूत, दातेही शाबूत. मग ती कडेला जाऊन आपटते का?

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. गाडीच्या मागे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक पारदर्शक पट्टी ताणलेली असते. पट्टीवर इतक्या बारीक रेघा असतात, की एका इंचात शंभराहून जास्त मावतात. गाडीच्या पाठीवरचा ‘डोळा’ पळता पळता त्या रेघा मोजतो आणि आपण कुठे आहोत ते प्रिंटरला सांगतो. रेघा दिसल्या नाहीत, तर प्रिंटरला वाटतं, गाडी हललीच नाही. तो आणखी जोर लावतो आणि गाडी भिंतीवर जाऊन आदळते.

मी पट्टीवर टॉर्च धरला. मधोमध चांगला बोटभर तेलकट डाग चमकत होता.

आणि मग मला आठवलं. आठ दिवसांपूर्वी गाडी जरा कुरकुरत होती, म्हणून मीच शिलाई मशीनचं तेल दांड्यावर सोडलं होतं! तेच उडून पट्टीवर बसलं होतं.

पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून, मऊ फडकं त्यात भिजवून घट्ट पिळलं आणि पट्टी न ओढता हलक्या हातानं पुसली. नंतर नुसत्या पाण्याच्या फडक्यानं पुसली. स्पिरिट लावायचा मोह टाळला; काही पट्ट्यांवरच्या रेघाच त्यानं निघून जातात. दांड्यावरचं जादा तेलही टिपलं. सगळं नीट वाळल्यावर प्लग लावला. गाडी सर्र्कन गेली, सर्र्कन आली आणि गप्प उभी राहिली.

तुम्ही असं काही करणार असाल, तर घरातलं मोठं माणूस जवळ हवं, प्लग काढलेला हवा आणि स्क्रूला हात लावायचा नाही. अडकलेला कागद हिसकायचा नाही, तो ज्या दिशेनं जात होता तिकडेच सावकाश ओढायचा. आणि पालकहो, प्रिंटर भिंतीवरच्या बटणानं बंद करू नका. त्याचं स्वतःचं बटण दाबलं, की हेड रबरी टोपीखाली जाऊन बसतं आणि शाई वाळत नाही. मध्येच वीज तोडली, तर ते उघडंच राहतं.

धाकट्याला मी उठवून प्रिंटर दाखवला आणि म्हटलं, “चूक माझी होती रे.” त्यानं लगेच पहिलं पान छापायला मागितलं, आणि शेवटपर्यंत ओढलं नाही. हल्ली मी प्रिंटरजवळ गेले, की तो आधी माझ्या हातात तेलाची बुधली नाही ना, ते बघतो.